पाप कुणाचं, शिक्षा कुणाला? पंडिता रमाबाईंनी मनावरचं ओझं कसं उतरवलं

गंगापूर : घरातला कर्ता माणूस अचानक गेला, की तेराव्याच्या आतच कुजबुज सुरू होते. सून पांढऱ्या पायाची निघाली, हिनेच नवऱ्याला खाल्लं, असं कुणीतरी बोलून जातं. बोलणारा विसरतो, पण ऐकणारी विसरत नाही. त्या दिवशी आपण भांडलो नसतो तर, दवाखान्यात लवकर नेलं असतं तर, सोसायटीच्या कर्जाचं आधी कळलं असतं तर, हे तिच्या डोक्यात रात्रंदिवस फिरत राहतं. लोकांनी ठेवलेला ठपका ती हळूहळू स्वतःच मान्य करते.

हाच ठपका कपाळी घेऊन जगलेली आणि पुढं हजारो बायकांचा ठपका पुसणारी एक बाई महाराष्ट्रात होऊन गेली. ती म्हणजे पंडिता रमाबाई. ५ एप्रिल ही त्यांची पुण्यतिथी.

नावात गल्लत नको. माता रमाई आंबेडकर वेगळ्या आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई रानडेही वेगळ्या. पंडिता रमाबाई म्हणजे केडगावला मुक्ती मिशन उभं करणाऱ्या. हे केडगावही नगरजवळचं नव्हे. हे पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यात, पुणे-दौंड रेल्वे लाईनीवर आहे.

टोपलीतून निघालेली पोर

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं. बाईमाणसाला देवभाषा शिकवतो म्हणून लोक खवळले. शेवटी शास्त्रीबुवा कर्नाटकातल्या घाटात, गंगामूळच्या जंगलात आश्रम बांधून राहिले. तिथंच रमाबाई जन्मल्या.

पोर जेमतेम सहा महिन्यांची असताना सगळं घर तीर्थयात्रेला निघालं. टोपलीत घालून तिला नेलं. त्यानंतर या घराला कायमचा ठिकाणा असा राहिलाच नाही. देवळात, घाटावर पुराण सांगायचं, लोक जे देतील त्यावर पोट भरायचं आणि पुढच्या तीर्थाला निघायचं. आईनं रमाबाईंना संस्कृत शिकवलं. लहान वयातच भागवताचे हजारो श्लोक त्यांना तोंडपाठ झाले.

या घराचा एक पक्का समज होता. माणसावर संकट येतं ते त्याच्या पापामुळं, या जन्मीच्या नाहीतर मागच्या जन्मीच्या. ते पाप धुवायचं तर उपास, स्नान, दान, अनुष्ठान करायचं. शास्त्रीबुवांनी गाठीशी होतं ते सगळं यात घातलं. पैसे संपले, भांडीकुंडी गेली, अंगावरचे कपडे विकले, तरी अनुष्ठानं थांबली नाहीत.

बाजरीच्या भाकरीचा तुकडा

१८७४ च्या सुमाराला दक्षिणेत दुष्काळाची झळ लागली. शास्त्रीबुवा म्हातारे झालेले, डोळ्यांची दृष्टी गेलेली. मोलमजुरीची सवय नाही आणि जातीचा मान आडवा येई, त्यामुळं काम मागायची लाज आणि भीक मागायचीही लाज. जंगलात अकरा दिवस झाडपाला, पाणी आणि थोडी रानखजुरं एवढ्यावर काढले. एका तीर्थाच्या पाण्यात देह ठेवायचं शास्त्रीबुवांनी ठरवलं होतं. तेव्हा रमाबाईंचा भाऊ श्रीनिवास पुढं आला. जात राहो नाहीतर जावो, मी मजुरी करतो, असं त्यानं सांगितलं. त्याच दुखण्यात आणि उपासमारीत वडील मात्र वारले.

मग आईनं अंथरूण धरलं. शेवटच्या दिवसांत आईला बाजरीच्या भाकरीचा तुकडा खावासा वाटला. रमाबाई शेजारच्या एका बाईच्या दारात गेल्या. आयुष्यात कधी हात पसरला नव्हता. तोंडातून शब्द फुटेना, नुसते डोळे वाहायला लागले. मोठ्या कष्टानं मागितलं, त्या माउलीनं दिलंही. पण आईच्या अंगात तो तुकडा खाण्याएवढंही त्राण उरलं नव्हतं. आई गेली. पाठोपाठ थोरली बहीणही गेली.

सोळा-सतरा वर्षांची पोर आणि तिचा भाऊ, एवढेच उरले. दोघं पायी हिंदुस्थान फिरले. झेलम नदीच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हतं, म्हणून वाळूत खड्डे करून त्यात झोपले आणि अंगावर वाळूच ओढून घेतली. ज्या देवधर्मासाठी आईबापांनी एवढं सोसलं, त्यानं आपल्याला काय दिलं, हा प्रश्न तेव्हाच दोघांच्या मनात उभा राहिला होता.

कलकत्त्यात मान, पुण्यात पांढरं कपाळ

१८७८ साली भावंडं कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या मराठी मुलीची परीक्षा घेतली आणि थक्क झाले. तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. पण १८८० मध्ये भाऊ श्रीनिवासही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. दोन्हीकडच्या लोकांनी नावं ठेवली. १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. फेब्रुवारी १८८२ मध्ये कॉलऱ्यानं बिपिनबाबूही गेले. लग्नाला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती.

चोविसाव्या वर्षाच्या आतच आई, बाप, बहीण, भाऊ आणि नवरा एवढी माणसं गेली. त्या काळाच्या हिशोबानं याचा अर्थ एकच निघत होता, की बाईचंच काहीतरी पाप आहे. नवरा मेला तर तो बायकोच्या मागच्या जन्मीच्या पापानं मेला, असं तेव्हा उघड बोललं जाई. लहान वयात विधवा झालेल्या मुलींचे केस काढत, एका वेळेचं जेवण देत, शुभकार्यात समोर येऊ देत नसत. यातल्या कित्येक मुलींना नवऱ्याचा चेहराही धड आठवत नसे. तरी आपणच त्याला मारलं, असं त्यांना मनापासून वाटे, कारण लहानपणापासून तेच कानावर पडलेलं असे.

तान्ही मनोरमा कडेवर घेऊन रमाबाई पुण्यात आल्या. आर्य महिला समाज काढला. सरकारच्या हंटर आयोगापुढं साक्ष देताना बायकांसाठी बायकाच डॉक्टर आणि बायकाच शिक्षक हव्यात, अशी मागणी केली. स्वतः डॉक्टर व्हावं म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. कानाला कमी ऐकू येऊ लागल्यामुळं ते शिक्षण पुढं झालं नाही.

लंडनजवळचं ते घर

इंग्लंडात त्या वाँटेज गावी ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. तिथून त्यांना लंडनमधल्या फुलहॅम भागात एका घरी नेलं. वाईट मार्गाला लागलेल्या, समाजानं टाकून दिलेल्या बायकांसाठी ते घर होतं. रमाबाईंना वाटलं होतं, तिथं शिक्षा चालत असेल. पाहतात तर त्या बायका स्वच्छ कपड्यात आहेत, काम शिकतायत आणि मठातल्या बाया त्यांच्याशी मायेनं बोलतायत.

हे रमाबाईंना नवीन होतं. बाई एकदा घसरली की तिला परत जागा नाही, प्रायश्चित्तही नाही, असंच त्यांनी शास्त्रात वाचलं होतं आणि डोळ्यानं पाहिलं होतं. तुम्ही हे का करता, असं त्यांनी विचारलं. तेव्हा एका भगिनीनं त्यांना बायबलातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली.

गोष्ट विहिरीवरची आहे. भर दुपारी एक बाई एकटी पाण्याला येते. तिचे पाच नवरे होऊन गेलेले आणि आता जो घरात आहे तो नवरा नाही. वर ती अशा जातीची की यहुदी तिच्या हातचं पाणी पीत नाहीत. विहिरीच्या काठावर बसलेला येशू तिच्याकडंच पाणी मागतो. तिचं सगळं आयुष्य त्याला माहीत आहे, तरी तो तिला हाकलत नाही. उलट धर्माची सगळ्यात मोठी गोष्ट तिच्याशी बोलतो.

ही गोष्ट रमाबाईंच्या काळजाला लागली. माणसाचं सगळं माहीत असूनही त्याला जवळ करणारा देव त्यांना पहिल्यांदा भेटला.

पण त्याच सुमाराला आणखी एक आघात झाला. पुण्याहून सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी परक्या देशात मन ढासळून स्वतःचा जीव संपवला. रमाबाई आतून हादरल्या. पुढं ऑक्सफर्डला प्रोफेसर मॅक्समुल्लर यांच्या घरी असताना रात्री त्यांच्या खोलीत सोबतीला कुणाला तरी झोपावं लागे, एवढी भीती मनात बसली होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी लहान मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इकडं महाराष्ट्रात गदारोळ झाला. बरेच सुधारकही नाराज झाले. महात्मा जोतिराव फुले मात्र रमाबाईंच्या बाजूनं उभे राहिले. १८८५ मध्ये आपल्या सत्सार या पुस्तिकेत त्यांनी रमाबाईंची पाठराखण केली.

धर्म बदलला, ओझं राहिलं

बाप्तिस्मा घेतला आणि सगळं दुःख पळालं, असं झालं नाही. हे रमाबाईंनी स्वतःच पुढं प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय.

त्या अमेरिकेत गेल्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, तो पदवीदान समारंभ त्यांनी मार्च १८८६ मध्ये पाहिला. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची हालत सांगणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं, गावोगाव भाषणं दिली, पैसा उभा केला. ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. सुरुवातीच्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई नावाची बालविधवा होती. तीच पुढं धोंडो केशव कर्वे यांची पत्नी झाली.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, या बाईला आता काय कमी आहे? पण आत शांती नव्हती. नवा धर्म त्यांनी बुद्धीनं स्वीकारला होता. प्रार्थना होत होत्या, नियम पाळले जात होते. तरी आपण पापी आहोत, आपलं मन स्वच्छ नाही, देवापुढं उभं राहायची आपली लायकी नाही, हे काही सुटेना. बापानं अनुष्ठानं करकरून जे मिळवायचा प्रयत्न केला, तेच लेक आता दुसऱ्या रीतीनं करत होती. चांगलं वागून, काम करून, नियम पाळून देवाला राजी करायचं. जेवढं करावं तेवढं कमीच पडत होतं.

अशी आठ वर्षं गेली. १८९१ च्या सुमाराला त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचं आत्मचरित्र आलं. हा माणूस पाद्री होता, लोकांना उपदेश करत होता, पण त्याच्याच मनाला शांती नव्हती. एके दिवशी चर्चमध्ये स्वतःचंच प्रवचन सांगता सांगता त्याला खरा विश्वास सापडला. हे वाचताना रमाबाईंना आपलंच दुखणं समोर दिसलं. आपण ख्रिस्ती धर्म घेतला, पण ख्रिस्ताला घेतलंच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं.

मग त्या बायबल नव्यानं वाचायला बसल्या. त्यांना उमगलं ते साध्या भाषेत असं. माफी ही मजुरी नाही, की एवढं काम केलं म्हणून एवढी मिळाली. आधी चांगलं व्हा, मग या, अशी तिथं अट नाही. माणूस जसा आहे तसा यायचा. पापाची शिक्षा ख्रिस्तानं वधस्तंभावर भोगली, आता ती माणसानं रोज नव्यानं भोगायची नाही. तिथं जात विचारली जात नाही, बाई की बाप्या हेही पाहिलं जात नाही. बाईला बाईच्या जन्मात मोक्ष नाही, असं लहानपणापासून ऐकलेल्या रमाबाईंना ही फार मोठी गोष्ट होती.

आपल्यात दोष नाही, असं रमाबाई कधी म्हणाल्या नाहीत. उलट दोष कबूल करायचं बळ त्यांना इथं मिळालं. चूक असेल तर कबूल करायची, माफी घ्यायची आणि उठायचं. स्वतःला कोसत बसणं म्हणजे धर्म नाही, हा फरक त्यांना कळला. जन्मभर अंधारात असलेल्याला एकदम दिसायला लागावं तसं झालं, अशा अर्थाचं त्यांनी पुढं लिहिलं.

दुष्काळात परत गेल्या

मन मोकळं झालं म्हणून लोकांचे बोल थांबले नाहीत. १८९३ मध्ये शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती करतात, असा वाद पेटला. केसरीतून टीका झाली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार समितीतून बाहेर पडली. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात दोन्ही बाजूंना म्हणण्यासारखं होतं आणि तो वाद अभ्यासक आजही करतात. रमाबाई मात्र खचल्या नाहीत. उरलेल्या मुलींना घेऊन काम चालू राहिलं.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. बातम्या येऊ लागल्या तशा रमाबाईंना आपले जंगलातले दिवस आठवले. त्या स्वतः तिकडं गेल्या. ज्या पोरीनं आईसाठी भाकरीचा तुकडा मागितला होता, तीच आता उपाशी पोरी शोधत फिरत होती. हाडांचे सापळे झालेल्या, दलालांच्या हाती पडू शकतील अशा सुमारे तीनशे मुली आणि बायका त्यांनी आणल्या.

पुण्यात तेव्हा प्लेग होता. एवढी माणसं शहरात ठेवणं शक्य नव्हतं. केडगावला जमीन घेऊन ठेवलेली होती, तिथं आधी तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. माळरान, पाणी कमी. विहिरी खोदल्या, झाडं लावली. त्या जागेला नाव दिलं मुक्ती. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या माणसांना नुसतं बसवून खाऊ घालणं रमाबाईंना मान्य नव्हतं. शेती, दूधदुभतं, विणकाम, शिवणकाम, तेल काढणं, छापखाना अशी कामं बायकाच करत. ज्या छापखान्यात तेव्हा पुरुषच दिसत, तिथं मुली टाईप जुळवत. आंधळ्या मुलींसाठी वेगळी सोय होती. मनोरमा अमेरिकेतून ब्रेल लिपी शिकून आली होती, ती त्यांना वाचायला शिकवी.

आणि एक घर खास होतं, कृपा सदन. फसवलेल्या, दिवस गेलेल्या, बाजारात बसवलेल्या, घरच्यांनी दार बंद केलेल्या बायकांसाठी ते होतं. फुलहॅमला पाहिलेलं घर रमाबाईंनी दौंडच्या माळावर उभं केलं. नावही नेमकं होतं. कृपा म्हणजे जी कमवावी लागत नाही ती.

शेवटची वर्षं

मनोरमा आईचा उजवा हात झाली होती. तिनं गुलबर्ग्याला मुलींच्या शिक्षणाचं काम केलं. गुलबर्गा तेव्हा मराठवाड्यासारखंच निजामाच्या राज्यात होतं. आईच्या मागं मुक्तीचं काम तीच पाहणार, असं सगळे धरून चालले होते. पण जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. वय अवघं चाळीस.

आयुष्याच्या सुरुवातीला माणसं गेली तेव्हा कारण पापात शोधायचं, हे रमाबाईंना शिकवलेलं होतं. शेवटी पोटची एकुलती एक लेक गेली, तेव्हा त्यांनी ते केलं नाही. रडल्या असतील, पण देव आपल्याला कसली शिक्षा देतोय, असा हिशोब मांडत बसल्या नाहीत. अर्धं राहिलेलं काम हाती घेतलं.

ते काम म्हणजे बायबलचं मराठी भाषांतर. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईलाही समजेल अशा मराठीत त्यांनी ते केलं. अनेक वर्षं हे काम चाललं. जुळवणी आणि छपाई मुक्तीतल्याच बायकांनी केली. काम पुरं होत आलं त्याच सुमाराला, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगावला डोळे मिटले. वय ६३. १९८९ मध्ये भारत सरकारनं त्यांच्या नावानं टपाल तिकीट काढलं. केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे.

आज काय घ्यायचं

रमाबाईंचा धर्म प्रत्येकाचा नसेल. गंगापूर तालुक्यात वारकरी आहेत, बौद्ध आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत. पण ज्या दुखण्यातून त्या बाहेर आल्या, ते सगळ्या घरांत आहे.

नवऱ्याच्या मरणाचा दोष बायकोवर टाकणं अजून बंद झालेलं नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठराव कागदावर होतो. पण कुजबुज बंद व्हायची तर ती घराघरातच बंद व्हावी लागते. हळदी-कुंकवाला, लग्नाच्या हळदीला, वास्तुशांतीला त्या बाईला मागं न बसवता पुढं बोलावलं, तरी तिच्या मनावरचं निम्मं ओझं उतरतं.

ज्यांच्या हातून खरंच चूक झालीय, त्यांच्यासाठीही रमाबाईंच्या आयुष्यात उत्तर आहे. चूक कबूल करा, जे भरून देता येईल ते भरून द्या आणि पुढं चला. स्वतःला रोज नवी शिक्षा दिल्यानं मागचं काही बदलत नाही.

एखाद्याच्या मनात सारखं स्वतःलाच दोष देणं चाललंय, झोप उडालीय, जगणं नको वाटतंय, तर घरच्यांनी त्याला एकटं सोडू नये. सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा फोन नंबर मोफत आहे, तिथं मराठीतही बोलता येतं.